उपाशी ठेवलेला धान

माझ्या आत्याशी माझा अबोला आयुष्यात एकदाच झाला, आणि तो धानाच्या तीन लहान तुकड्यांवरून झाला. कृषी महाविद्यालयातून पदवी घेऊन मी नुकतीच गावी परतले होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर बाबा मला घ्यायला आले, माझी पेटी त्यांनी डोक्यावर घेतली आणि जीपमध्ये बसल्यापासून गाव येईपर्यंत भेटेल त्याला सांगत सुटले, "पोरगी शेतीचं शिकून आली." जीपमधल्या एका म्हाताऱ्याने शांतपणे विचारलं, "शेतीचं शिकाले शहरात जा लागते का भाऊ?" सगळी जीप हसली. बाबाही हसले. मीही हसले, पण तो प्रश्न माझ्यासोबत घरापर्यंत आला.

घर म्हणजे मातीच्या भिंतींच्या दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे गोठा आणि त्यापलीकडे उतरत गेलेल्या आमच्या बांध्या. धानाच्या शेताचा धुऱ्याने, म्हणजे मातीच्या बांधाने, वेढलेला एकेक तुकडा म्हणजे बांधी; आमच्याकडे जमीन एकरात नंतर मोजतात, आधी बांध्यांत मोजतात. पहाटे मला जाग यायची ती आत्याच्या खराट्याच्या आवाजाने. मग मायच्या सुपातल्या कण्या पाखडण्याचा आवाज, आणि दिवस वर आला की गावाबाहेरच्या धान गिरणीची धडधड. न्याहारीला कण्यांची पेज आणि अंबाडीची भाजी. दुपारी भात, लाखोळीची डाळ आणि कुणी बोडीत, म्हणजे गावच्या तळ्यात, जाळं टाकलं असेल तर झिंगे. आत्या बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ऐन तरुणपणी माहेरी आली ती कायमची. नाव चंद्रभागा, पण सारा गाव तिला चंद्राबाई म्हणायचा. गोठ्यातल्या वासरापासून दारात आलेल्या पाहुण्यापर्यंत कुणी जेवलं नाही हे तिला न सांगता कळायचं. मी कॉलेजला असताना सुट्टीत आले की ती माझ्या ताटात आणखी एक मूठ भात वाढायची आणि म्हणायची, "खा. पुस्तकं भूक लावतेत."

नोकरीसाठी अर्ज करून मी वाट पाहत होते. तेवढ्यात गावच्या हायस्कूलच्या मोठ्या गुरुजींनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, निरोप पाठवला की नववीच्या वर्गाचा शेतीचा तास घ्यायला कुणी नाही, येतेस का? मी दुसऱ्या दिवशी वर्गात उभी होते. पाठाचं नाव होतं 'कृषी संशोधनाची उद्दिष्टे व फायदे'. मी विचारायचा अवकाश, अख्खा वर्ग एका सुरात सुरू झाला: उत्पादन वाढवणे, खर्च कमी करणे, जमिनीचा कस टिकवणे, रोगाला दाद न देणारे वाण तयार करणे. पाढे म्हणावेत तसं. एकाचाही श्वास चुकला नाही. संपल्यावर मागच्या बाकावरच्या दिलीपने हात वर केला. "बाई, हे फायदे कोनाचे? पुस्तकातले का आमचे?" वर्ग हसला. मी त्याला रागावू शकले असते. पण जीपमधल्या म्हाताऱ्याचाच प्रश्न आता नववीतल्या पोराने विचारला होता.

त्या संध्याकाळी मी ठरवलं की हा पाठ फळ्यावर शिकवायचा नाही, बांधीत शिकवायचा. मोठे गुरुजी व्यवहारी माणूस. त्यांनी माझं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि स्पष्ट सांगितलं, "पोरांना चिखलात न्यायचं तर पालक मला विचारतील. हा एक हंगाम तुला दिला. दिवाळीनंतरच्या पालकसभेत पोरांनी गावाला काही दाखवलं, तर शेतीचा तास राहील. नाहीतर मी तो गणिताला देतो. गणितात निम्मा वर्ग नापास आहे." मला राग आला नाही. ते खोटं बोलत नव्हते.

प्रश्न मुलांनीच निवडला. त्या वर्षी युरिया महाग झाला होता आणि वेळेवर मिळतही नव्हता. नाल्याच्या काठी करंजाची झाडं भरपूर. जुनी माणसं करंजाचा पाला चिखलात गाडायची हे मुलांनी घरी ऐकलेलं होतं. मग पाला युरियाचं काम करतो का, हे पाहायचं ठरलं. बाबांनी बोडीखालची, रस्त्याला लागून असलेली बांधी दिली. मुलांनी तिचे नऊ तुकडे केले, मध्ये धुरे घातले. तीन तुकड्यांत पाला, तीन तुकड्यांत युरिया, आणि तीन तुकड्यांत काहीच नाही. कुठल्या तुकड्यात काय, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं, म्हणजे चांगली जागा कुणाच्या लाडक्या तुकड्याला जायला नको. रस्त्यावरून जाणारे थांबून विचारायचे, "कायची लॉटरी निघाली गा?" एका तुकड्यातलं पाणी दुसऱ्यात जाता कामा नये म्हणून वेगळी नाली काढली. खेकडे धुऱ्याला भोकं पाडायचे; मुलं ती भोकं बुजवायची आणि सापडलेले खेकडे रस्सा करायला घरी न्यायची. कुजणाऱ्या करंजाचा वास इतका उग्र की आठवडाभर वर्गातल्या मुलांच्या हातापायांना तोच वास होता, आणि इंग्रजीच्या सरांनी नववीच्या खिडक्या उघड्या ठेवायला लावल्या.

काहीच न घालायचे तुकडे कशाला, हे मात्र मुलांना उमगेना. मी मायला दोन भांड्यांत अंबाडीची भाजी करायला सांगितली, एकीत मीठ, एकीत नाही. वर्गात सगळ्यांनी दोन्ही चाखल्या. अळणी भाजीने तोंडं वाकडी झाली. "मिठानं काय केलं ते आता सांगा," मी म्हटलं. रेखा नावाची मुलगी होती, बोलायला धीट, अभ्यासात मध्यम. ती म्हणाली, "म्हंजे बाई, अळणी खाल्ल्याबिगर मीठ समजत नाई." मला ते इतकं आवडलं की मी ते फळ्यावर लिहिलं. आज इतक्या वर्षांनी, धान संशोधनाच्या कामात अख्खी नोकरी काढून निवृत्त झाल्यावरही, यापेक्षा सोपं मला सांगता येत नाही.

रोवणा, म्हणजे धानाची लावणी, झाला, पाऊस चांगला लागला आणि पाल्याचे व युरियाचे तुकडे हिरवेगार झाले. रिकामे तीन तुकडे मात्र पिवळे पडत गेले. रस्त्याकडेची बांधी, बैल घेऊन जाणारा, बाजाराला जाणारा, शाळेत जाणारा प्रत्येक जण पाहणार. मी हरखले होते, कारण फरक दिसत होता. गावाला मात्र काही वेगळंच दिसत होतं. ज्या बायांनी त्या बांधीत रोवणा केला होता त्यांना ते लागलं. आपल्या हाताने लावलेलं रोप असं वाळकं दिसावं हा त्यांना आपल्या हाताचा अपमान वाटला. विहिरीवर एकीने आत्याला टोमणा मारला, "चंद्राबाई, तुमची भाची शहरात जाऊन धान उपाशी माराले शिकून आली का वो?" आत्या घागर उचलून घरी आली. रात्रीच्या जेवणाला मात्र माझ्यासमोर बसली.

"शालू, त्या तीन तुकड्याइले का खाऊ घालाचं नाई का?"

"नाही आत्या. ते तसेच ठेवायचे आहेत."

"काऊन? त्याइनं का पाप केलं?"

"पाप नाही गं. पाल्याने किती दिलं ते कळायला एक तुकडा बिनखताचा लागतो."

"तुह्या पोट्ट्याइले कळाव म्हनून धानानं मराव?" तिने ताट सरकवलं. बाबा मान खाली घालून जेवत राहिले. त्यांनी बांधी दिली होती. त्यापलीकडे या भांडणात पडायची त्यांची तयारी नव्हती.

भाद्रपदात धान गर्भात आला. लोंबी बाहेर पडण्याआधी खोडाच्या आत फुगते, त्याला आमच्याकडे असंच म्हणतात. आणि आमच्या बाया ते नुसतं म्हणण्यापुरतं म्हणत नाहीत. गर्भातल्या धानाजवळ मोठ्याने भांडू नये, त्याच्या बांधीत रिकाम्या हाताने जाऊ नये, असं आत्या मानायची. त्याच दिवसांत शाळेच्या चाचणी परीक्षा आल्या आणि आठवडाभर आम्ही बांधीकडे फिरकलो नाही. परीक्षा संपल्या त्या दुपारी रेखा धावत माझ्याकडे आली. "बाई, चला ना. उपाशी तुकडे हिरवे झाले."

मी पाहिलं. तिन्ही तुकडे हिरवे होते. धुऱ्याच्या कडेला शेणखताचे ओले गोळे अजून तसेच पडलेले. मुलं माझ्या तोंडाकडे पाहत होती. दिलीप म्हणाला, "कोनीतरी रातीचं टाकलं असन, आपल्यावर खार खाऊन." मला मात्र ते पाहताक्षणी कळलं होतं. खार खाऊन टाकणारा माणूस तिन्ही तुकड्यांना इतकं सारखं वाटून टाकत नाही.

घरी आत्या ओसरीवर डाळ निवडत होती. मी काही विचारण्याआधीच तिने सुपातून मान वर केली. "मीच टाकलं. भर दुपारी टाकलं, लपून नाई. दोघी-तिघी होतो आमी. शेणखत नेलं आन तुह्या बापाच्या पोत्यात उरलेला युरिया नेला."

"आत्या, मुलांनी दोन-अडीच महिने..."

"गर्भातल्याले उपाशी ठेवत नाईत, शालू." तिचा आवाज चढला नव्हता. "मी सासरी पोटुशी होतो, तई सारे जेवल्यावर उरलं त खाय, असं होतं. उरेच नाई. माहं लेकरू जगलं नाई. मले ते पिवळं पाहवत नाई. रोज त्याच रस्त्यानं जा लागते मले."

हे मला माहीत नव्हतं. मायला माहीत होतं, बाबांना माहीत होतं, पण घरात ते कधी बोललं गेलं नव्हतं. मला तिच्यावर रागावता येईना आणि तिला जवळही घेता येईना. मी आत गेले. त्यानंतर कित्येक दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. ती माझं ताट वाढायची, मी जेवायची. मूठभर जास्तीचा भात मात्र एकदाही चुकला नाही.

दिवाळीनंतर कापणी झाली. मुलांनी प्रत्येक तुकड्याचा धान वेगळा झोडला, वेगळा वाळवला, वेगळा मोजला. पाल्याचा धान युरियाच्या अगदी जवळ आला. नंतर खाऊ घातलेले तुकडे थोडेच मागे राहिले. मोठ्या गुरुजींनी हे पाहिलं आणि त्यांना मनापासून आनंद झाला. "झालं की! सभेत सांगायचं, पाला युरियाच्या बरोबरीने उतरला. ते तीन तुकडे कशाला मध्ये काढता?"

"गुरुजी, ती बोडीखालची जमीन आहे. दरवर्षी गाळ येतो. काहीच न घालता तिथे तेवढंच पिकलं असतं तर?"

"अगं, पिवळी पडली होती ना ती? साऱ्या गावाने पाहिली."

"पिवळी पडली हे पाहिलं. दाणा किती घटला असता हे कुणी मोजलं?"

गुरुजींनी मान हलवली. "शालू, मी तुझ्याच भल्याचं सांगतो आहे. हात रिकामे घेऊन सभेत जाऊ नको. अट लक्षात आहे ना?"

अट लक्षात होती. मी मुलांसमोर दोन्ही बाजू मांडल्या. तास गेला तर काय, तेही सांगितलं. दिलीपला वाटत होतं की गुरुजींचं ऐकावं. खोटं तर काही बोलायचं नाही, फक्त थोडं कमी बोलायचं. बरेच जण त्याच्याकडे झुकले. मग रेखा म्हणाली, "माहे बाबा आयकून पुढल्या साली युरिया घेनारच नाईत. आन पिकलं नाई त?" दिलीपचे वडीलही त्याच गावात धान लावत होते. शेवटी तोच म्हणाला, "सांगून टाकू बाई. जाऊ दे तास." मला वाटतं, त्या पाठाची उद्दिष्टं त्या दुपारी त्यांना कळली. पुस्तकातल्या यादीत ती अशी लिहिलेली नव्हती.

पालकसभेला शाळेचं पटांगण भरलं होतं. पुरुष पुढे सतरंजीवर, बाया मागे व्हरांड्याच्या कडेने. रेखा उभी राहिली. नऊ तुकडे, पाला, युरिया, चिठ्ठ्या, सगळं तिने नीट सांगितलं. मग म्हणाली, "तीन तुकडे आमी उपाशी ठेवले होते. ते मंधात कोनीतरी खाऊ घातले. म्हनून पाल्यानं किती देल्लं ते आमाले सांगता येत नाई. पाला चांगला दिसते. पन आमचं आयकून अखीन कोनी आपला युरिया बंद करू नका."

पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "म्हंजे उत्तर का बाई?"

"उत्तर नाई," रेखा म्हणाली. "पुढल्या साली सांगू."

हशा पिकला. "साल वाया गेलं म्हन ना सिद्धं!" "आमचे पोट्टे चिखल तुडवाले पाठवले का?" मोठे गुरुजी उठले. त्यांचा चेहरा कठोर नव्हता, पण आवाज ठरलेला होता. मुलांनी कष्ट केले, ते म्हणाले, पण शाळेला निकाल पाहावा लागतो. तेव्हा पुढच्या वर्षीपासून हा तास...

"थांबा गुरुजी."

व्हरांड्यातून आत्या उठली होती. सभेत बाया बोलत नसत. आत्याने तर बाबांसमोरही कधी चार माणसांत आवाज केला नव्हता. "कोनीतरी खाऊ घातलं, म्हनते पोरगी. कोनीतरी नाई. मी घातलं." सगळ्या माना मागे वळल्या. "बांधी मी बिघडवली. तास पोराइचा काऊन काढता?"

गुरुजी क्षणभर गोंधळले. "चंद्राबाई, प्रश्न शिक्षेचा नाही. पुढच्या वर्षी पुन्हा हेच होणार. तुमच्याच घरची बांधी, तुमच्याच घरच्यांना पाहवत नाही. गाव पुन्हा हळहळणार. मग पोरांनी काय राखणदार ठेवायचा?"

बाबा बसल्या जागेवरून म्हणाले, "बांधी मी देतो गुरुजी, पुन्यांदा." पण ते आत्याकडे पाहत होते, सारा गाव तिच्याकडे पाहत होता. मी तिच्यापासून फार दूर नव्हते. तिने पदराचं टोक बोटांत घट्ट पिळलेलं मला दिसत होतं.

"मी राखीन," ती म्हणाली. "मी राखलं त कोनी हात लावनार नाई."

गुरुजींनी एक हंगाम वाढवून दिला. त्या रात्री जेवताना आत्या माझ्याशी बोलली. एवढंच म्हणाली, "अखीन एक साल पिवळं पाहा लागन त मले." मी तिच्या ताटात भात वाढला.

आता माझ्या खिडकीतून कापणीचं यंत्र दिसतं. एका दुपारी ते बांध्याच्या बांध्या साफ करतं आणि रस्त्याने मोबाइलवर बोलत जाणारी माणसं थांबतही नाहीत. नोकरीत असताना मी किती तरी प्रयोग पाहिले. तारेच्या कुंपणातले, पाट्या लावलेले, पहारेकरी ठेवलेले. दुसऱ्या वर्षी आमच्या मुलांना उत्तर मिळालं: पाल्याने युरिया पुरता सुटत नाही, पण बराच कमी करता येतो. त्यानंतर कित्येक वर्षं आषाढात आमच्या गावाला करंजाचा वास येत असे. हे मी कौतुकाने सांगते, सगळ्यांना सांगते. पण मला स्वतःला आठवते ती त्या दुसऱ्या वर्षातली भाद्रपदाची एक दुपार.

धान पुन्हा गर्भात आला होता आणि बिनखताचे तुकडे पुन्हा पिवळे होते. आत्या रोज दुपारी तिथे यायची. बांधीकडे पाठ करून धुऱ्यावर बसायची आणि पळसाच्या पानांच्या पत्रावळी टोचायची. मी मुलांना घेऊन पलीकडच्या धुऱ्यावर होते. मुलं वाकून रोपांची उंची मोजत होती. रस्त्यावरून मागच्या वर्षी आत्यासोबत खत टाकणाऱ्याच दोघी आल्या. एकीच्या डोक्यावर शेणखताची टोपली होती. ती आत्याजवळ येऊन थांबली.

"चंद्राबाई, कसं पिवळं पडलं वो! पाहा त खरं."

आत्याने मान वळवून पाहिलं. पुरतं पाहिलं, तिन्ही तुकडे. मग हातातलं पान मांडीवर ठेवलं.

"दिसून राह्यलं मले," ती म्हणाली. "टोपली घरी ने माय. पोरं त्याले काहीतरी विचारून राह्यले. सांगू दे त्याले."